किल्ली कोणाच्या कनवटीला?

दहावीचा निकाल लागला की आमच्या शाळेच्या कार्यालयात पालकांची ये-जा सुरू होते. दाखला, गुणपत्रिका, कॉलेजचा अर्ज ही कामे आटोपली की निघता निघता एखादा बाप दाराशी घुटमळतो आणि हळूच विचारतो, "सर, दहा हजारांच्या आत मोबाईल कुठला घ्यावा वो?" इतिहासात एम. ए. केलेल्या माणसाला हा प्रश्न कशासाठी, असे पूर्वी माझ्या मनात येई. आता येत नाही. मी उलट विचारतो, "त्याला कुलूप नाही ना, ते बघितलंत का?"

समोरचा गोंधळतो. कॅमेरा केवढा, बॅटरी केवढी, आत जागा किती, हे त्याने मुलाकडून पाठ करून घेतलेले असते. कुलपाचे नाव मात्र त्याने ऐकलेले नसते. एकाच कंपनीचे सिम कार्ड चालावे, दुसऱ्या कोणाचे घातले तर फोनने ओळखच देऊ नये, अशी सोय विकणाऱ्याने आतून करून ठेवलेली असते. ते हे कुलूप. आपल्या बाजारातले बहुतेक नवे फोन मोकळे असतात, म्हणून माझा प्रश्न बिनकामाचा वाटतो. पण तो न विचारल्याने माझ्या हातून एका मुलीचे नुकसान झालेले आहे. ती हकीकत पुढे येईल. आधी, इतिहासाचा मास्तर म्हणून, या कुलपांची वंशावळ सांगतो.

माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत दोन घरी फोन होते. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहायची, अशी त्या काळची रीत. परगावी बोलायचे तर ट्रंक कॉल लावून तासन् तास बसायचे. १९८४ साली सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था निघाली, तिने देशी बनावटीची एक्स्चेंजे तयार केली आणि पुढे गावोगावी एसटीडीचे पिवळे बूथ उभे राहिले. त्या काळचे दोन आकडे आमच्या भागातल्या प्रत्येकाला पाठ असत. बेळगावचा ०८३१ आणि गोव्याचा ०८३२. शेजारी घरांचे नंबर असावेत तसे.

पुढे ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला दळणवळणमंत्री सुखराम यांच्याशी मोबाईलवरून संभाषण केले. देशातला हा पहिला मोबाईल कॉल. मी तेव्हा नुकता नोकरीला लागलो होतो. ही चैनीची वस्तू आपल्यापर्यंत कशाला येते, असे आम्ही स्टाफरूममध्ये म्हणालो होतो. मोबाईल सेवेचे परवाने देताना सरकारने महानगरे वेगळी काढली आणि बाकी देशाची 'सर्कल' नावाची वर्तुळे पाडली. ही वर्तुळे बहुतेक राज्यांच्या सीमांवरूनच आखलेली होती. मुंबई वगळून महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक सर्कल झाले, आणि कर्नाटकाचे दुसरे. नकाशा डोळ्यांपुढे आणा. कोल्हापूर आणि पणजी एका वर्तुळात, आणि त्या दोघांच्या वाटेवरचे बेळगाव दुसऱ्यात. १९५६ साली जमिनीवर आखलेली रेघ आता हवेतही उमटली. आपल्या वाट्याला आलेले हे पहिले कुलूप.

त्याचा जाच काय होता, हे सीमाभागातल्या माणसालाच कळे. बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याने निघालात की बाची संपते आणि शिनोळी लागते. बाची कर्नाटकात, शिनोळी महाराष्ट्रात. आमचे एक सहशिक्षक पलीकडून रोज मोटरसायकलने शाळेला येत. नोकरी इकडे, म्हणून कार्ड कर्नाटकाचे घेतलेले. संध्याकाळी घरी जाऊन ते जेवायला बसले की फोन परमुलखात जाई आणि येणाऱ्या प्रत्येक फोनाचे पैसे त्यांच्याच खिशातून जात. गृहस्थ शिनोळीला पोचण्याआधीच फोन बंद करून टाकीत. "घरी असलो की मी कोणाला सापडत नाही," असे ते हसत म्हणत. पण एका रात्री आजारी नातलगाचा निरोप त्यांना सकाळी मिळाला, तेव्हा ते हसले नव्हते. दोन सिमचे फोन निघाल्यावर आमच्या भागात ते हातोहात का खपले, याचे उत्तर शोधायला फार लांब जायला नको.

हे कुलूप एकदम निघाले नाही, एकेक खिळा उपसत निघाले. मे २००३ पासून आपल्या सर्कलमध्ये येणारा फोन फुकट झाला. १ मार्च २००६ पासून सरकारी कंपन्यांनी देशभर कोठेही एका रुपयात मिनिटभर बोलण्याची योजना आणली. २० जानेवारी २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली, पण सर्कलच्या आतच. ती अट ३ जुलै २०१५ रोजी गेली. त्यानंतर चंदगडात दिलेली बेळगावची लेक आपला माहेरचा नंबर घेऊन सासरी नांदू लागली. पुढच्या दोन-तीन वर्षांत रोमिंगचा भुर्दंडही गेला.

दुसरे कुलूप खुद्द फोनला लावलेले. जीएसएम पद्धतीत गिऱ्हाईकाची ओळख सिम कार्डात असते. कार्ड काढले, दुसऱ्या फोनात घातले, झाले. २००२-०३ च्या सुमारास आपल्याकडे सीडीएमए पद्धतीचे स्वस्त फोन आले. २००३ च्या पावसाळ्यात पाचशे एक रुपये भरून फोन घरी न्या, अशी योजना निघाली आणि गवंड्या-सुतारांच्या हाती पहिल्यांदा मोबाईल दिसला. हे त्या योजनेचे श्रेय नाकारता येणार नाही. पण त्या फोनांत कार्ड नव्हते. नंबर यंत्रातच कोरलेला. कंपनी सोडायची तर यंत्रच टाकून द्यावे लागे.

कुलपाचे अर्थशास्त्र साधे आहे. कंपनी फोन स्वस्तात देते आणि ती रक्कम महिन्याच्या बिलातून वसूल करते. गिऱ्हाईक मध्येच पळू नये म्हणून कुलूप. उसाला उचल देऊन टोळी बांधून घेणारा मुकादम आपल्याला ठाऊक आहे, त्यातलाच हा प्रकार. अमेरिकेत ही रीत फार रुजली. २००७ साली आयफोन निघाला तो तिथे एटी अँड टी या एकाच कंपनीच्या जाळ्यावर चाले. दोन महिन्यांत न्यू जर्सीतल्या जॉर्ज हॉट्झ नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने त्याचे कुलूप काढून दाखवले. पुढे जानेवारी २०१३ मध्ये तिथे कंपनीच्या परवानगीवाचून नव्या फोनाचे कुलूप काढणे बेकायदा ठरले. एक लाखाहून अधिक लोकांनी सरकारकडे अर्ज केला आणि ऑगस्ट २०१४ मध्ये कायदा करून ती मोकळीक परत द्यावी लागली. कॅनडाने डिसेंबर २०१७ पासून, तर ब्रिटनने डिसेंबर २०२१ पासून कुलूपबंद फोन विकण्यालाच बंदी केली.

आपल्याकडे ही रीत फारशी रुजली नाही. आपल्या माणसाने फोन दुकानातून रोख घेतला, कार्ड टपरीवरून घेतले आणि रिचार्ज दहा-दहा रुपयांचा मारला. उधारीच नव्हती, मग कुलूप कशाला? अपवाद झाले. २०१७ साली दीड हजार रुपये अनामत ठेवून मिळणारा जिओफोन त्याच कंपनीच्या जाळ्यावर चाले. पण एकूण बाजार मोकळा राहिला आणि त्या मोकळेपणाने आपण गाफील झालो. निदान मी तरी झालो.

जून-जुलै २०२० ची गोष्ट. शाळा बंद. शिक्षक फोनवरून धडे पाठवीत होते. चंदगडच्या दिशेच्या एका खेड्यातली आमची एक मुलगी नुकतीच दहावीत गेलेली. वडील गवंडीकाम करणारे, त्या दिवसांत कामही बंद. परदेशाहून परतलेल्या कोणाकडून वापरलेला फोन सहा हजारांना मिळतोय, म्हणून ते मला दाखवायला घेऊन आले. मी उलटसुलट करून पाहिला. नाव मोठे, काच धड, कॅमेरा उत्तम. "घ्या, चांगला आहे," म्हणालो. माझ्या शब्दावर त्यांनी पैसे मोजले.

घरी जाऊन कार्ड घातले तर पडद्यावर इंग्रजीत कुलपाचा आकडा मागणारी ओळ. फोन अमेरिकेतल्या एका कंपनीचा, तिच्या जाळ्याला जखडलेला. शहरात एका दुरुस्तीवाल्याने पाचशे रुपये घेऊन खटपट केली. कुलूप निघाले नाही. विकणाऱ्याने फोन परत घेतला नाही. इकडे आमच्या हजेरीपटावर त्या मुलीच्या नावापुढे तीन आठवडे गैरहजेरी लागत होती, आणि ती रोज माझ्यासमोर येत होती. मी मनात म्हणत होतो, बघा, फोन घेऊन दिला तरी मुले अभ्यास करीत नाहीत.

ऑगस्टमध्ये 'विद्यागम' योजनेखाली आम्ही शिक्षक खेड्यापाड्यांत जाऊन मंदिरांच्या ओसरीवर वर्ग घेऊ लागलो, तेव्हा मला हे सारे कळले. मी वडिलांना विचारले, "मला का नाही सांगितलंत?" ते खाली बघत म्हणाले, "तुमीच चांगला हाय म्हटल्यासा सर. परत येऊन कसं सांगायचं वो?" मुलीने तीन आठवड्यांची गणिते मैत्रिणीच्या वहीतून उतरवून घेतली होती. मी घरातला एक जुना फोन तिला नेऊन दिला. पण ते सहा हजार रुपये आणि ती भीड, यांची भरपाई मला अजून करता आलेली नाही.

तिसरे कुलूप भाषेचे. आपल्यासारख्या दुभाषी जिल्ह्यांत ते विशेष टोचते. १९९१ पासून युनिकोडमध्ये देवनागरी आहे, पण फोनांत ती नीट यायला बरीच वर्षे लागली. सुरुवातीच्या कितीतरी फोनांवर मराठी निरोप आला की नुसते चौकोन दिसत. आणि देवनागरी म्हणजे हिंदी, एवढ्यावरच पुष्कळ कारखानदार थांबले. 'ॲ' हे आपले अक्षर युनिकोडमध्ये वेगळे म्हणून दाखल व्हायला २००८ साल उजाडले. २०१६ साली केंद्र सरकारने आदेश काढला की फोनवर बावीसही भाषा वाचता आल्या पाहिजेत, आणि इंग्रजी, हिंदी व आणखी किमान एक भारतीय भाषा लिहिता आली पाहिजे. ती 'आणखी एक' आपली असेलच असे नाही, म्हणून दुकानातच 'कोवळ्या', 'दुसऱ्या', 'ॲड' असे शब्द लिहून पाहावेत. सीमाभागातल्या घरात नातवाला कन्नडही लिहायचे असते आणि आजीला मराठी वाचायचे असते. फोनला दोन्ही यायला हवे.

आणि चौथे कुलूप अगदी ताजे. हप्त्यावर घेतलेल्या काही फोनांत कर्ज देणाऱ्याची अशी सोय बसवलेली असते की हप्ता थकला तर फोनच बंद पडतो. फॉर्मवर सही करण्यापूर्वी हे विचारून घ्यावे. मुकादम बदलला, उचल तीच.

म्हणून विचारायला येणाऱ्या पालकांना मी आता कंपनीचे नाव सांगत नाही. सांगतो ते एवढेच. फोन शक्यतो नवा, रोख आणि पक्क्या बिलाचा घ्या. जुना घ्यायचा तर पैसे देण्यापूर्वी दोन वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डे घालून दोन्हींवरून बोलून पाहा. *#०६# दाबले की पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक येतो. इंग्रजी अक्षरांत केवायएम लिहून, थोडी जागा सोडून तो क्रमांक १४४२२ ला पाठवा, म्हणजे फोन चोरीत नोंदवलेला नाही ना ते कळते. आपल्या घराच्या ओसरीवर कोणत्या कंपनीची रेंज येते ते आधी पाहा. फाईव्ह-जी गावात पोचलेलेच नसेल तर केवळ त्याच्यासाठी जादा पैसे मोजू नका. मात्र फोर-जीवरून थेट बोलण्याची सोय हवीच, कारण काही जाळ्यांवर जुनी टू-जी, थ्री-जी सेवाच नाही. कंपनी सुरक्षेच्या सुधारणा किती वर्षे पुरवणार ते विचारा. त्या थांबलेल्या फोनवर बँकेचा व्यवहार करणे म्हणजे कडी न लावता झोपणे. कॅमेरा सगळ्यांत शेवटी पाहा.

इतके सांगितल्यावर एखादा हसतो आणि म्हणतो, "फोन घ्यायला चाललोय, सर, पोरगी बघायला नव्हे." मीही हसतो. पण ज्या घरात सहा हजार रुपये म्हणजे महिन्याची मजुरी, तिथे हा व्यवहार लहान नाही. स्वस्त फोन तोच, ज्याची किल्ली आपल्या कनवटीला असते. नाहीतर स्वस्ताई दुसऱ्याची आणि बिल आपले.

गेल्या पावसाळ्यात त्या गवंड्यांच्या घरी जाण्याचा योग आला. मुलगी आता कॉलेजात आहे. तो कुलूपबंद फोन देव्हाऱ्याशेजारी फळीवर चार्जरला लावलेला दिसला. पहाटेच्या गजरासाठी ठेवलाय, म्हणाले. माझा चेहरा पाहून त्यांनी घाईने पुढे सांगितले, "वाया नाही गेला वो सर. वेळ बरोबर दावतंय. फकस्त मधनंमधनं हातानं लावाय लागतंय."