गुराबेची प्रतिकृती

बंगळूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर वसलेले आहे. पूर्वेचा समुद्र तेथून दूर, पश्चिमेचा समुद्र घाटापलीकडे. तरीही मराठी आरमाराच्या इतिहासात या शहराला एक लहानसे स्थान आहे. 1638 मध्ये विजापूरकरांच्या सैन्याने बंगळूर घेतल्यावर तो प्रांत शहाजीराजांच्या जहागिरीत आला आणि त्यानंतर लवकरच बालशिवाजी व जिजाबाई काही काळ तेथे येऊन राहिले, असे इतिहासकार मानतात. ज्या पुरुषाने पुढे कोकणच्या खाड्यांतून नवे आरमार उभे केले, त्याच्या बालपणाचा थोडा काळ असा समुद्राचा वाराही न पोहोचणाऱ्या पठारावर गेला. तेव्हा आज बंगळुरात एखादा गृहस्थ सुट्टीच्या दिवशी घरातल्या मेजावर लाकडाच्या बारीक पट्ट्या वाकवून जहाजाची प्रतिकृती बांधीत असेल, तर त्यात विसंगत असे काही नाही. जहाज बांधावयास बंदर लागते. जहाजाची प्रतिकृती बांधावयास चांगला उजेड, धारदार पटाशी आणि सबुरी एवढेच लागते.

या छंदाकडे पोरखेळ म्हणून पाहण्याची रीत आहे. इतिहास मात्र वेगळे सांगतो. गुजरातेतील लोथल येथे डॉ. एस. आर. राव यांनी 1955 पासून उत्खनन केले, तेव्हा सिंधू संस्कृतीच्या काळातील भाजक्या मातीच्या लहान होड्या मिळाल्या. त्यांपैकी एकीत डोलकाठी रोवण्यासाठी छिद्र ठेवलेले आहे. हे एक बोटभर छिद्र. पण त्यावरून चार हजार वर्षांपूर्वीच्या त्या लोकांस शिडाचा उपयोग ठाऊक होता, असे अनुमान करता येते. इजिप्तमध्ये मेकेत्रे नामक अधिकाऱ्याच्या थडग्यात 1920 साली वल्हेकऱ्यांसह मांडलेल्या लाकडी नावा सापडल्या. मृताच्या परलोकप्रवासासाठी ठेवलेल्या त्या नावांनी संशोधकांना नाईल नदीवरील प्रत्यक्ष जलवाहतूक समजावून दिली. मूळ नौका कुजतात, फुटतात, जळतात. प्रतिकृती मात्र कोनाड्यात राहून जाते आणि पुढे तीच साक्षीला उभी राहते.

परंतु सर्वच प्रतिकृती सारख्या विश्वासार्ह नसतात. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या नौदल मंडळासाठी युद्धनौकांच्या प्रतिकृती तयार होऊ लागल्या. त्यांचे प्रमाण बहुधा अठ्ठेचाळिसास एक असे, म्हणजे प्रत्यक्षातील चार फूट प्रतिकृतीत एक इंच. पाण्याखाली जाणाऱ्या भागावर फळ्या मुद्दाम बसवीत नसत. त्यामुळे जहाजाचा कणा आणि त्यास जोडलेल्या फासळ्या उघड्या दिसत. हे काम मापाचे होते. याउलट 1793 ते 1815 या काळात इंग्लंडच्या तुरुंगांत पडलेल्या फ्रेंच युद्धकैद्यांनी जेवणातून उरलेल्या हाडांची जहाजे केली. हाडे घासून त्यांच्या फळ्या केल्या, केसांचे दोर वळले, आणि तुरुंगाच्या दाराशी भरणाऱ्या बाजारात ती विकून पोटास चार पैसे मिळविले. ती जहाजे पाहून आजही मन थक्क होते. परंतु नकाशे हाताशी नसल्याने कैदी अंदाजाने बांधीत आणि गिऱ्हाइकास आवडेल असे प्रसिद्ध नाव वर घालीत. म्हणून सौंदर्याला ती उतरतात, पुराव्याला क्वचितच. या दोन प्रकारांतील फरक ध्यानात घेतला, म्हणजे मराठी जहाजांची प्रतिकृती बांधणाऱ्यापुढील अडचण कळून येते.

शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीच्या बाजूस 1657 नंतर आरमाराची उभारणी आरंभिली. पहिल्या कामात पोर्तुगीज कारागिरांचाही हात होता. बखरीतून गुराब, गलबत, शिबाड, तरांडे, मचवा अशी जहाजांची नावे येतात. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. जहाजे फार थोरही नसावीत, फार लहानही नसावीत, वाऱ्याविना जी हलत नाहीत अशी मोठी धुडे बांधू नयेत, हा त्यातील विचार अनुभवातून आलेला दिसतो. लाकूड तोडताना रयतेची आंबा-फणसाची झाडे जबरीने तोडू नयेत, अशी ताकीदही त्यात आहे. एवढे सर्व आहे. पण एकही मापाचा नकाशा नाही. तसा तो असण्याचे कारणही नव्हते. कोकणातील सुतार बापाच्या हाताखाली डोळ्याने आणि दोरीने मापे घेण्यास शिकला. जहाजाचा आराखडा कागदावर नव्हता. तो त्याच्या मनगटात होता.

आणि जी जहाजे होती तीही राहिली नाहीत. फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रजांचे आरमार वॉटसनच्या हुकमतीखाली विजयदुर्गावर चालून गेले. पेशव्यांची फौज जमिनीवरून त्यांच्या मदतीस होती. तोफांच्या माऱ्यात बंदरातील एका जहाजाने पेट घेतला. एकमेकांस जखडून ठेवलेल्या जहाजांतून आग पसरत गेली आणि तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळून खाक झाले. कान्होजींनी आणि त्यांच्या वारसांनी दोन पिढ्यांत जमविलेली विद्या त्या एका संध्याकाळी पाण्यावर राख होऊन तरंगली. विजयदुर्गाजवळ वाघोटणच्या खाडीत गिर्ये येथे खडक फोडून केलेली गोदी आजही दिसते. त्या गोदीतून बाहेर पडलेले एकही जहाज दिसत नाही. मराठ्यांनी स्वतः साह्य देऊन आपल्याच समुद्रबळाचा नाश ओढवून घेतला, हा या प्रसंगाचा कडू भाग आहे.

मग गुराब कशी होती हे कळावे कसे? येथे शत्रूचीच साक्ष उपयोगी पडते. कंपनीच्या चाकरीत असलेल्या रॉबर्ट ऑर्मने 1763 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासग्रंथात आंग्र्यांच्या जहाजांचे बारकाईने वर्णन दिले आहे. गुराबेला बहुधा दोन डोलकाठ्या असत, काहींस तीन. तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे 300 टनांची, दोनांची 150 टनांहून अधिक नसे. लांबीच्या मानाने ती रुंद होती आणि पाण्यात थोडीच बुडे. मध्यापासून पुढे ती निमुळती होत जाई आणि तिची नाळ भूमध्यसमुद्रातील गॅलीप्रमाणे पुढे झुकलेली असे. त्या नाळेवरून पुढच्या दिशेने मारा करणाऱ्या दोन तोफा असत, 9 किंवा 12 पौंडी गोळ्यांच्या. बाजूच्या तोफा 6 ते 9 पौंडी. गलबत म्हणजे वल्ह्यांची मोठी होडी, क्वचितच 70 टनांहून अधिक. मोठ्या डोलकाठीवर एकच प्रचंड त्रिकोणी शीड, आणि चाळीस-पन्नास वल्ही. कित्येक गलबतांचा तक्ता चिरलेल्या बांबूंचा असे. त्यावर फिरत्या खुंट्यांवरच्या हलक्या तोफा बसवीत.

या वर्णनातील प्रत्येक वाक्य प्रतिकृती बांधणाऱ्याला बांधून घालते. पुढच्या तोफा नाळेवरून मारा करणार, म्हणून नाळ बुटकी व मोकळीच ठेवावी लागते. खाड्यांच्या उथळ पाण्यात शिरावयाचे, म्हणून तळ खोल करता येत नाही. वारा पडला असता गलबतांनी गुराबेला ओढून शत्रूच्या पिछाडीस आणावयाचे, ही लढण्याची पद्धतच तिच्या आकारात उतरली आहे. 1679 मध्ये खांदेरीच्या पाण्यात मराठी गलबतांनी इंग्रजांची ‘डव्ह’ ही गुराब धरून नेली, त्या यशाचा उलगडा अशा हलक्या बांधणीत होतो. बाजारात शिवकालीन म्हणून मिळणाऱ्या कित्येक शोभेच्या जहाजांना मात्र उंच पिछाडी आणि तोफांच्या दुहेरी-तिहेरी ओळी असतात. ती युरोपी युद्धनौकेची नक्कल होय. भगवा लावला म्हणून ती गुराब होत नाही. उलट, मराठ्यांनी परक्यांच्या बलाढ्य जहाजांशी बरोबरी न करता आपल्या किनाऱ्यास योग्य असे जे साधन निवडले, त्यातील शहाणपणच त्या नकलेखाली झाकले जाते.

त्याच किनाऱ्यावर दुसरे एक उदाहरण आहे. लवजी नसरवानजी वाडिया 1736 मध्ये सुरतेहून मुंबईस आले. त्यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानाची जहाजे बांधली. 1813 च्या ‘कॉर्नवॉलिस’वर 1842 मध्ये नानकिंगचा तह झाला; 1817 ची ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडात हार्टलपूल येथे अद्याप पाण्यावर आहे. ही जहाजे ब्रिटिश नौदलासाठी मापाच्या नकाशांवरून बांधली गेली. म्हणून त्यांची प्रतिकृती आज कोणासही निश्चिंतपणे करता येते. कारागिरी दोन्हीकडे भारतीयच होती. कागद मात्र एकीकडे राहिला, दुसरीकडे राहिला नाही.

कागदाची ही उणीव एका फ्रेंच अधिकाऱ्याने काही अंशी भरून काढली. फ्रान्स्वा-एडमाँ पारी हा 1826 ते 1840 या काळात तीन वेळा पृथ्वीपर्यटनास निघालेल्या जहाजांवर होता. ज्या बंदरात जाई तेथील देशी नौकांची तो मापे घेई. 1841 पासून त्याने युरोपबाह्य लोकांच्या नौकाबांधणीवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील पतेमारीचेही आराखडे आहेत. पुढे तो पॅरिसच्या नौसंग्रहालयाचा प्रमुख झाला आणि 1893 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या आराखड्यांवरून प्रतिकृती करवून घेत राहिला. पतेमारी हे मालवाहू जहाज. त्याला वीररसाचे वलय नाही. पण कोणी एकाने वेळेवर दोरी धरून मापे घेतली, म्हणून ते कायमचे वाचले.

प्रतिकृतीचे महत्त्व आजच्या कामातही दिसते. अजिंठ्याच्या भिंतीवरील सुमारे पाचव्या शतकातील जहाजाच्या चित्रावरून शिवलेल्या फळ्यांची एक नौका गोव्यात बांधण्यात आली आणि 2025 मध्ये कारवार येथे ‘कौंडिण्य’ या नावाने भारतीय नौदलात दाखल झाली. नकाशा नव्हता, होते ते केवळ चित्र. म्हणून आधी लहान प्रतिकृती करून मद्रासच्या तंत्रविज्ञान संस्थेत पाण्यात तिची परीक्षा घेतली गेली. चित्रकाराने दाखविले ते तरेल काय, या प्रश्नाला उत्तर त्या प्रतिकृतीने दिले.

बंगळुरातील छांदिष्टाला एवढी साधने नकोत. शहरापासून जवळच चन्नपट्टण येथे काळ्या कुड्याचे मऊ, पांढरट लाकूड चरकावर धरून खेळणी करण्याचा धंदा जुना आहे. डोलकाठ्या आणि तोफा कातून घेण्यास तसा हात उपयोगी पडेल. फळ्यांस सागवान, दोरांस मेण लावलेला सुती धागा. अठ्ठेचाळिसास एक हे प्रमाण धरले, तर 24 मीटरांचे जहाज 50 सेंटिमीटरांत बसते आणि खोलीतल्या फडताळावर मावते. जे निश्चित ठाऊक आहे ते मापाने करावे. जे केवळ अनुमान आहे ते बैठकीखाली लावलेल्या पाटीवर स्पष्ट लिहावे. इंग्लंडच्या सुतारांनी तळाच्या फळ्या उघड्या ठेवून जहाजाचे अंतरंग दाखविले. मराठी गुराब बांधणाऱ्याने आपल्या माहितीचे अंतरंग तसेच उघडे ठेवले पाहिजे.

कारण विजयदुर्गाच्या बंदरात जळालेली जहाजे परत यावयाची नाहीत. पुढच्या पिढीतील मूल गुराब पाहील ती काचेच्या पेटीतच पाहील, आणि तीच खरी समजून चालेल. त्या पेटीतले जहाज बांधणारा हात समुद्रकाठचा आहे की पठारावरचा, हा प्रश्न गौण आहे. तो प्रामाणिक असला म्हणजे पुरे.