मोरीतल्या मुंग्या

परवा नात सांगत होती, "आजोबा, लाळेवरून मधुमेह ओळखायचे प्रयोग चालू आहेत. सुई टोचायला नको." ती फार्मसीला आहे. मी जन्मभर इतिहास शिकवला. त्यामुळे नवीन काही कानावर आले, की आधी काय होते तिकडेच मन धावते. शिवाय या रोगाचा थोडा इतिहास आमच्या घरातही आहे.

१९६३ साली मी बारा वर्षांचा होतो. आमच्या मोरीत मुंग्यांची रांग लागायची. गूळ कोणी सांडला म्हणून आजी आम्हा पोरांना बोल लावायची आणि मोरीत हळद टाकायची. दादा (वडिलांना आम्ही दादा म्हणत असू) रात्री तीन-चारदा उठायचे. या दोन गोष्टींचा संबंध कुणाच्या लक्षातच आला नाही. मग दादांच्या पायात चपलेचा खिळा घुसला. जखम भरेना. तालुक्याच्या डॉक्टरांनी परीक्षानळीत निळे द्रावण घेतले, त्यात लघवीचे आठ थेंब टाकले आणि नळी तापवली. रंग हिरवा झाला, पिवळा झाला, शेवटी विटकरी. मला ती जादूच वाटली. दादांची मात्र पायाची दोन बोटे गेली.

पुढे नोकरीत असताना वाचनात आले, की प्रमेहाच्या पूर्वलक्षणांत मुंग्या लघवीकडे येतात असे चरकसंहितेतच सांगितले आहे. आजीला रोज दिसत होते ते शतकानुशतके ग्रंथात लिहिलेले होते! सतराव्या शतकात इंग्लंडच्या थॉमस विलिसने ही लघवी मधासारखी गोड असते अशी नोंद केली. १७७६ मध्ये लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सनने ती आटवून मागे साखर उरते हे दाखवले. रुग्णाच्या रक्तातही गोडी असते हेही त्याने ओळखले. डॉक्टरांचे ते निळे द्रावण अमेरिकेच्या स्टॅन्ले बेनेडिक्टचे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे. १९५६ मध्ये तर नुसती लघवीत बुडवायची पट्टी आली.

मग सुई कशाला हवी? कारण मूत्रपिंडे साखर सहसा बाहेर जाऊ देत नाहीत. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की ती लघवीत उतरते. उपाशीपोटी १२६ म्हणजेच मधुमेह. म्हणजे मुंग्या येईपर्यंत रोगाने घरात बस्तान मांडलेले असते.

लाळेचीही अडचण आहेच. तिच्यात साखर रक्ताच्या मानाने अगदी नगण्य. त्यात तोंडात राहिलेले अन्नाचे कण, हिरड्यांचे विकार, कोरडे पडलेले तोंड यांनी आकडा फिरतो. म्हणून अजून निदान रक्तावरूनच करतात. पण आम्ही शाळेत चाळणी परीक्षा घ्यायचो, तिचे मार्क निकालपत्रात धरत नसू. कोणाकडे लक्ष द्यायला हवे एवढे तिच्यावरून कळायचे. लाळेच्या चाचणीने तेवढे काम नीट केले तरी पुष्कळ झाले. २०२३ च्या एका मोठ्या पाहणीत भारतात मधुमेही दहा कोटींवर असल्याचा अंदाज निघाला. अनेकांना आपल्याला हा रोग आहे याची कल्पनाच नसते.

असो. इतिहास सांगायचे एक कारण आहे. माझा धाकटा भाऊ बंडू हा ब्लॉग न चुकता वाचतो. सुईच्या भीतीने त्याने आजवर एकदाही रक्त तपासलेले नाही. "लाळेची चाचणी आली की करीन," असे तो फोनवर म्हणाला.

बंडू, दादांची बोटे गेली तेव्हा तू पाळण्यात होतास. ती नळी मी पाहिली आहे. लाळेची वाट पाहू नकोस. सोमवारी सकाळी काही न खाता तयार राहा, मी येतो. सुई टोचताना माझा हात धर, वाटल्यास ओरड. कोणाला सांगणार नाही.

(या मंडळींना आता कळलेच आहे, त्याला माझा इलाज नाही.)