मालिशवाल्या नर्सेसपासून भौतिकोपचाराच्या पदवीपर्यंत



आपल्या कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी वळणाऱ्या बाईला विचारा, "काय दुखतं?" ती म्हणेल, "काय दुखत नाही ते विचारा." मांडीवर सूप, मान खाली. कात्रीनं पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. हजार विड्या होईपर्यंत मान वर निघत नाही. मग मान, खांदे, कंबर धरते आणि आपण म्हणतो, काम केलं की दुखणारच.

या दुखण्यावर हातानं आणि व्यायामानं उपचार करण्याची विद्या म्हणजे फिजिओथेरपी, मराठीत भौतिकोपचार. आज तिची विद्यापीठाची पदवी मिळते. ती पदवी कशी आली ते आज सांगते, कारण या गोष्टीची सुरुवातच बायांनी केली.

1894 साली लंडनमध्ये चार नर्सेसनी मालिश करणाऱ्या बायांची संस्था काढली. तेव्हा मालिश या शब्दाला तिथं वाईट वास येत होता, त्या नावाखाली भलतेच धंदे चालायचे. या चौघींनी नियम केले, परीक्षा ठेवली आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कुणावर उपचार करायचा नाही असं ठरवलं. आपल्याकडं बाळंतिणीला न्हाऊमाखू घालणाऱ्या आजीच्या हातात कसब होतंच, पण तिची परीक्षा कुणी घेतली नाही आणि तिला कागदही कुणी दिला नाही.

आपल्या देशात ही विद्या शिकवायला सुरुवात झाली ती मुंबईत, परळच्या केईएम रुग्णालयात. 1950 साली तिथं कमला निंबकरांनी व्यवसायोपचाराची शाळा काढली. म्हणजे आजारानं अधू झालेल्या माणसाला रोजची कामं पुन्हा करायला शिकवायचं. बाई जन्मानं अमेरिकन, लग्नानं निंबकर. फलटणची कमला निंबकर बालभवन शाळा त्यांच्याच नावाची. त्यानंतर थोड्याच वर्षांत जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं केईएममध्ये भौतिकोपचाराची शाळा आली. त्या काळात पोलिओनं लेकरांचे पाय लुळे पडत होते. गेलेली ताकद औषधानं परत येत नाही. उरलेल्या स्नायूंना व्यायाम द्यायचा, पायाला आधार बांधायचा, उभं राहायला शिकवायचं. हे शिकवणारी माणसं हवी होती.

आधी पदविका होती, पुढं मुंबई विद्यापीठाची पदवी झाली. 1998 साली नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ निघालं आणि राज्यातली भौतिकोपचाराची बहुतेक महाविद्यालयं त्याच्या छत्राखाली आली. तेव्हा अभ्यासक्रम एक झाला. चार वर्षं शिक्षण, वर रुग्णालयात प्रत्यक्ष काम. बारावीला विज्ञान शाखा आणि जीवशास्त्र लागतं. लोणीसारख्या गावातही आता हे महाविद्यालय आहे. लेक डॉक्टर झाली नाही म्हणून हिरमुसणाऱ्या घरांनी ही वाट जरूर बघावी.

नैसर्गिक पोलिओ विषाणूचा देशातला शेवटचा रुग्ण 2011 साली सापडला. पण या विद्येचं काम संपलं नाही, उलट वाढलं. अर्धांगवायू, अपघात, गुडघे, कंबर. आणि एक गोष्ट आपण बोलतच नाही: बाळंतपणानंतर खोकलं-शिंकलं की लघवी निसटते. ओटीपोटाखालचे स्नायू आवळून-सोडून करायचा व्यायाम असतो, त्यानं पुष्कळ जणींना फरक पडतो. तो नीट शिकून घ्यावा लागतो, एवढंच.

आता अडचण सांगते. हा उपचार एका गोळीत होत नाही, पुन्हा पुन्हा जावं लागतं. विडीवाल्या बाईनं दहा दिवस खेपा घातल्या तर दहा दिवसांच्या विड्या बुडतात. म्हणून पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा, "रोज येणं जमणार नाही. घरी करायचे व्यायाम दाखवा, माझ्याकडून करवून घ्या आणि कागदावर चित्र काढून द्या." आणि उपचार करणाऱ्याची नोंदणी आहे का, हेही विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.