पाठराखीण

साल 1887. वाईहून साताऱ्याला निघालेल्या बैलगाडीत तुम्ही बसला आहात. पाचवड मागे पडलंय. तुमच्या मांडीवर डोकं ठेवून नऊ वर्षांची नवरी झोपलीय. तिचे हात इतके बारीक, की हिरवा चुडा मनगटावरून थेट कोपरापर्यंत घसरतो. तुम्ही तिची आत्या. लग्न ठरवताना तुम्हाला कोणी विचारलं नव्हतं. पहिल्यांदा सासरी जाताना मात्र तुम्ही सोबत हव्यात, पाठराखीण म्हणून.

माप ओलांडून ती घरात येते. ताटातल्या तांदळावर अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं जातं. त्या नावाने हाक आली तरी तिचं लक्षच नसतं. तुम्ही हळूच कोपर लावता, तेव्हा कुठे ती 'ओ' देते. रात्री माजघरात ती तुमचा पदर मुठीत धरून झोपते.

"विहीणबाई, पोरीला पहाटे भूक लागते हो. मागायची नाही ती, लाजते."

"होईल सवय."

एवढं बोलायलाच तर तुम्ही आला आहात. पाठ म्हणजे मागची बाजू, आणि राखणं शेताच्या राखणीतलंच. जिला स्वतः तोंड उघडायची मुभा नाही, तिच्या मागे उभी राहते ती पाठराखीण. मुलीची बाजू मांडायला रीतीने दिलेली ही जागा फार मोलाची होती, पण तिची मुदत चारच दिवसांची.

ओसरीवर 'केसरी' मोठ्याने वाचला जातोय. नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात, असं हायकोर्टाने मार्चमध्ये, लहानपणी लग्न लावून दिलेल्या पण नवऱ्याकडे जायला नकार देणाऱ्या रखमाबाईंना फर्मावलंय आणि त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवलीय. त्यांची पाठ राखणारे सावत्र वडील, डॉ. सखाराम अर्जुन, 1885 मध्येच वारले. तुम्ही दाराआडून ऐकता आणि झोपलेल्या पोरीकडे बघता.

चौथ्या दिवशी तुमची ओटी भरून पाठवणी होते. गाडीत तुम्ही एकट्याच.

मुलीच्या लग्नाचं वय किमान चौदा ठरवणारा सारडा कायदा 1929 साली आला. पाठराखीण आजही काही घरांतून जाते, सत्यनारायण आटोपून परतते. 'पाठराखण' हा शब्द मात्र आता वर्तमानपत्रांत पुढाऱ्यांच्या बचावासाठीच जास्त वापरला जातो. तुमच्या घरात कोणी आजी, आत्या किंवा मावशी पाठराखीण म्हणून गेली असेल, तर तिथे ती काय बोलली आणि काय बोलू शकली नाही, हे तिला विचारा आणि लिहून ठेवा.