कांदेपोह्यांचा कार्यक्रम, मुक्काम इंडियानापोलिस

आतेबहिणीच्या बाळंतपणासाठी आत्या अमेरिकेत आली होती, तेव्हा आठवडाभर आमच्याकडेही राहून गेली. ऐन फेब्रुवारी, बाहेर बर्फ, त्यामुळे बिचारी दिवसभर माझ्याबरोबर टीव्हीसमोर. टीव्हीवर काय, तर वीस-बावीस वर्षांची धिप्पाड पोरं अर्ध्या चड्डीत रांगेत उभी आहेत. एकेकाची उंची मोजतायत, वजन करतायत, पळायला लावतायत, उड्या मारायला लावतायत, आणि कडेला माणसं वह्या घेऊन बसली आहेत. आत्याने पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाली, "अरे, हा तर दाखवण्याचा कार्यक्रम! पोहे कुठायत?"

तर मंडळी, हा कार्यक्रम म्हणजे एनएफएलचं 'कम्बाइन'. १९८७ पासून इंडियानापोलिसला भरतं. कॉलेजमधून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची इथे तपासणी होते, आणि मग एप्रिलमध्ये 'ड्राफ्ट', म्हणजे संघांनी आळीपाळीने खेळाडू निवडायचे. आदल्या वर्षी जो संघ सगळ्यात वाईट खेळला त्याचा नंबर पहिला. तपासणीत तळहाताचीही मोजणी असते, अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत. म्हणजे आपली वीत! २०२२ मध्ये केनी पिकेट नावाच्या मुलाची वीत साडेआठ इंच भरली, तर त्यावर आठवडेच्या आठवडे चर्चा. ओल्या चेंडूवर पकड राहील का, थंडीत काय होईल... (पिट्सबर्गने त्याला विसाव्या क्रमांकावर घेतला. असो.)

ही चर्चा सगळ्यात जास्त रंगते ती क्वार्टरबॅकवर. ज्यांनी अमेरिकन फुटबॉल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चेंडू या माणसाच्या हातात येतो, आणि शंभर-सव्वाशे किलोची माणसं त्याला आडवं करायला धावत सुटतात. त्याच्याकडे साधारण तीन सेकंद असतात. तेवढ्यात समोरचे अकरा जण कसे सरकतायत ते ओळखायचं, आपला कोण मोकळा आहे ते बघायचं, खरं तर कोण मोकळा *होणार* आहे ते ताडायचं, आणि तो तिथे पोचायच्या आधीच चेंडू सोडायचा. कॉलेजात मोकळी माणसं पुष्कळ सापडतात. वरच्या दर्जाला मोकळा माणूस म्हणजे हातभर जागा, तीही अर्धा सेकंद. म्हणजे जे काम पुढे करायचंय ते मुलाने आधी फारसं केलेलंच नसतं, आणि ते तो करू शकेल की नाही हे ओळखायचं. कम्बाइनमध्ये त्याच्या अंगावर कुणी धावून येत नाही, ती सोय तिथे नाही.

ओळखायची खटपट मात्र फार जुनी. पहिला ड्राफ्ट १९३६ सालचा, फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात. फळ्यावर नव्वद नावं लिहिलेली आणि संघमालकांची बरीचशी माहिती वर्तमानपत्रं वाचून गोळा केलेली. पहिला निवडला गेलेला जे बरवॅंगर एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही. त्याने नोकरी धरली.

पुढची गोष्ट मला फार आवडते, कारण त्यात एक आपल्याकडचा माणूस आहे. डॅलस काउबॉयज हा संघ १९६० मध्ये निघाला. त्याचा मॅनेजर टेक्स श्रॅम याने १९६० च्या हिवाळी ऑलिंपिकच्या वेळी आयबीएमची संगणकयंत्रं पाहिली होती, आणि त्याच्या डोक्यात आलं की खेळाडू निवडायला ही का वापरू नयेत? आयबीएमच्या उपकंपनीने हे काम ज्याच्याकडे दिलं तो होता सलाम कुरेशी, भारतातून तिकडे गेलेला संख्याशास्त्रज्ञ. त्याला या खेळातलं काही ठाऊक नव्हतं. पण प्रश्न विचारता येत होते. चांगला खेळाडू म्हणजे काय, असं त्याने प्रशिक्षकांना विचारलं तर प्रत्येकाचं उत्तर वेगळं आणि शब्दही वेगळे. त्या गोंधळातून गाळून गाळून शेवटी पाच गोष्टी उरल्या: चारित्र्य, चपळाई आणि शरीरावरचा ताबा, जिद्द, बुद्धीची तरतरी, आणि ताकद. या प्रत्येकाला आकडा द्यायचा. अलीकडे ऑफिसात जे 'रेटिंग' भरून आपण कंटाळतो, त्याचा हा आजोबाच म्हणायला हवा.

गंमत अशी की डॅलसचा त्या काळातला सगळ्यात मोठा क्वार्टरबॅक आला तो वेगळ्याच हिशेबातून. रॉजर स्टॉबॅक नौदल अकादमीत होता, शिक्षणानंतर नोकरीची वर्षं भरून देणं भाग होतं. म्हणून बाकीच्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. डॅलसने १९६४ मध्ये त्याला दहाव्या फेरीत घेऊन ठेवला आणि चक्क वाट पाहिली. १९६९ मध्ये तो संघात आला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. वाट पाहण्याचा रकाना कुठल्याही तक्त्यात नसतो.

आता १९९८. पेटन मॅनिंग की रायन लीफ? पहिला नंबर होता इंडियानापोलिस कोल्ट्सचा, मॅनेजर बिल पोलियन. मॅनिंग म्हणजे क्वार्टरबॅकचाच मुलगा, अभ्यासू. लीफ उंचापुरा, जबरदस्त हाताचा, वॉशिंग्टन स्टेटला रोझ बोलपर्यंत घेऊन गेलेला. लीफला पहिला घ्या म्हणणारे जाणकार कमी नव्हते, आणि ते मूर्ख होते असं मुळीच नाही. दुसऱ्या नंबरासाठी सॅन डिएगोने ॲरिझोनाला तीन निवडी आणि वर दोन खेळाडू दिले. निव्वळ एका पायरीसाठी!

पोलियनने सांगितलेली एक आठवण प्रसिद्ध आहे. मॅनिंग भेटायला आला तो वही घेऊन, आणि त्यानेच यांना प्रश्न विचारायला सुरुवात केली. मुलीने मुलाकडच्यांची मुलाखत घ्यावी तसं. लीफ तर कम्बाइनमध्ये कोल्ट्सच्या भेटीला आलाच नाही.

हे नंतर वाचताना वाटतं, झालं की, कळलंच होतं सगळं! पण जरा थांबा. मॅनिंगने पहिल्या वर्षी २८ चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हातात फेकले. नवख्या खेळाडूचा हा विक्रम. कोल्ट्स तीन सामने जिंकले, तेरा हरले. त्या वर्षी सॅन डिएगोने पाच जिंकले होते! डिसेंबर १९९८ मध्ये नुसता संघाचा तक्ता पाहणाऱ्याला दोघांतला फरक दिसला नसता. लीफचे स्वतःचे आकडे मात्र भयंकर होते. कॅन्सस सिटीविरुद्ध १५ फेकींपैकी एक नीट पोचली, चार यार्ड. मॅनिंगला संघाने सोळाच्या सोळा सामने खेळू दिलं, चुका करू दिल्या. पुढच्या वर्षी तेच कोल्ट्स तेरा सामने जिंकले. लीफ पत्रकारावर ओरडला, खांदा दुखावला, आणि २००२ पर्यंत सगळं संपलं. पुढे वेदनाशामक गोळ्यांचं व्यसन, घरफोडी, तुरुंग. २०१४ च्या अखेरीस सुटल्यावर तो व्यसनमुक्तीबद्दल जाहीरपणे बोलू लागला. 'सगळ्यात मोठी फसलेली निवड' म्हणून त्याचं नाव प्रत्येक एप्रिलमध्ये निघतं, तेव्हा मला कसंसंच होतं. निवड करणारे दुसरेच होते ना.

टॉम ब्रेडीची कथा सगळ्यांना पाठ आहे म्हणून पळतपळत सांगतो. २००० साली १९९ वा. चाळीस यार्ड पळायला ५.२८ सेकंद. त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले. न्यू इंग्लंडला त्याचा हिरा दिसला असं म्हणतात, पण दिसला असता तर सहाव्या फेरीपर्यंत का थांबले असते? सप्टेंबर २००१ मध्ये ड्र्यू ब्लेडसो जबर जखमी झाला म्हणून ब्रेडीला मैदान मिळालं.

अर्थतज्ज्ञ केड मॅसी आणि रिचर्ड थेलर यांनी या ड्राफ्टचा हिशेब मांडला होता. एकाच जागेसाठी लागोपाठ निवडलेल्या दोघांपैकी आधी निवडलेला सरस ठरण्याचं प्रमाण आलं सुमारे ५२ टक्के. म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा किंचित बरं.

इथवर सगळं नशिबावर टाकून हसता येतं. पण चुका सगळ्याच अशा निष्पाप नव्हत्या. वॉरन मून जानेवारी १९७८ मध्ये रोझ बोलचा सर्वोत्तम खेळाडू होता. तो कृष्णवर्णीय. क्वार्टरबॅक म्हणजे डोक्याचं काम, आणि ते काम गोऱ्यांचं, हा समज कुठल्या तक्त्यात लिहिलेला नव्हता पण वह्या घेऊन बसलेल्यांच्या मनात होता. तू दुसऱ्या जागेवर खेळ, असं त्याला सुचवण्यात आलं. तो ऐकला नाही, आणि ड्राफ्टच्या आधीच कॅनडातल्या एडमंटनशी करार करून मोकळा झाला. बारा फेऱ्या झाल्या, कुणीही त्याचं नाव घेतलं नाही. एडमंटनबरोबर त्याने सलग पाच वेळा कॅनडाचं अजिंक्यपद जिंकलं, १९८४ मध्ये ह्यूस्टनला आला, आणि २००६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेलेला पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ठरला. सहा वर्षं मात्र गेली ती गेलीच. आणि ज्यांनी निमूटपणे जागा बदलली त्यांचं काय झालं असतं, ते तर कुठेच लिहिलेलं नाही.

हे सगळं जुनं झालं म्हणावं, तर २०१८. लमार जॅक्सन, एकोणीस वर्षांचा असताना कॉलेज फुटबॉलचा सर्वोच्च मान, हाइसमन करंडक, मिळवलेला. टीव्हीवर एका बुजुर्गाने सांगितलं की याने चेंडू फेकण्याऐवजी झेलणारा व्हावं. हा बुजुर्ग म्हणजे बिल पोलियन. तोच, मॅनिंगवाला! चार क्वार्टरबॅक आधी गेले, जॅक्सनला बाल्टिमोरने पहिल्या फेरीतला शेवटचा, ३२ वा घेतला. आणि मग बाल्टिमोरने त्याला बदलायचं सोडून आपली खेळायची पद्धतच त्याच्याभोवती नव्याने बांधली. २०१९ च्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू तो एकमताने ठरला.

त्याच वर्षी तिसरा गेलेला सॅम डार्नल्ड न्यू यॉर्कमध्ये पार कोलमडला, 'वाया गेलेला' म्हणून दोन-तीन गावं फिरला, आणि २०२४ मध्ये मिनेसोटाला गेल्यावर त्या संघाने १७ पैकी १४ सामने जिंकले. हात तोच, वीतही तीच.

पोलियनने २०१९ मध्येच, हंगाम चालू असताना, आपण जॅक्सनबद्दल चुकलो हे सरळ कबूल केलं. आत्याला हे सगळं सांगितलं तेव्हा तिचं विणकाम चालू होतं. मान वर न करता म्हणाली, "आमच्या वेळी नकार कळवणारे परत पत्र लिहायचे नाहीत. याने निदान सांगितलं तरी."