पडद्यावरचा वेडा आणि वस्तीतला आजारी

मनोरुग्णाविषयी आपल्या समाजाच्या ज्या समजुती आहेत, त्या त्याने डॉक्टरांकडून घेतलेल्या नाहीत. त्या कथा-कादंबरीतून, नाटकातून आणि सर्वांत जास्त सिनेमातून आल्या आहेत. ज्याला अक्षरओळख नव्हती त्याच्यापर्यंतही सिनेमा पोहोचला. म्हणून या समजुतींचा इतिहास पाहायचा तर पडद्यापासूनच सुरुवात करावी लागते.

१९६९ साली असित सेन यांचा 'खामोशी' आला. प्रेमभंगाने वेड्या झालेल्या पुरुषांना बरे करण्यासाठी डॉक्टर एका नर्सला प्रेयसीचे सोंग घ्यायला लावतो. रुग्ण बरा होऊन निघून जातो आणि शेवटी ती नर्सच वेडी होते. पुढच्याच वर्षी 'खिलौना' आला. ठाकुराचा कवी मुलगा प्रेयसीच्या मरणाने वेडा होतो. त्याला बरे करण्यासाठी ठाकूर कोठ्यावरची चांद पैसे देऊन घरी आणतो, बायकोचे सोंग करायला. तो वेडाच्या भरात तिच्यावर बलात्कार करतो, तिला दिवस जातात. पुढे तो शुद्धीवर येतो तेव्हा तिला ओळखतसुद्धा नाही.

या दोन चित्रपटांनी लोकांना तीन गोष्टी शिकवल्या असे मला वाटते. वेड हे भग्न हृदयातून येते, ही पहिली. ते प्रेमाने किंवा एखाद्या धक्क्याने एका क्षणात उतरते, ही दुसरी. आणि त्या उपचाराचे मोल एखाद्या बाईने आपल्या देहाने चुकवायचे असते, ही तिसरी. ती बाई ठाकुराच्या नात्यातली नसते. ज्यांच्या लेकी मुरळी आणि जोगतीण म्हणून सोडल्या गेल्या, त्यांना ही बाई कोणत्या घरातून येते हे वेगळे सांगायला नको.

येथे आणखी एक प्रश्न उपस्थित होतो. या कथांत वेडाला कारण असते ते फक्त वरच्या घरातल्या माणसाच्या वेडाला. त्याला भूतकाळ असतो, कविता असते. उरलेले वेडे पाठीमागे असतात, लोकांनी हसावे म्हणून. भूक, कर्ज, रोजचा अपमान, गटारात मेलेला भाऊ, यांनी कुणाचे मन मोडले असे हा पडदा क्वचितच सांगतो. जात ही मनाची एक अवस्था आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात मांडले. ती अवस्था जो बाळगतो त्याला कुणी आजारी म्हणत नाही. जो ती सोसतो त्याला मात्र कमकुवत मनाचा म्हणतात.

आमच्या वस्तीत एका गिरणीकामगाराच्या मुलाला आवाज ऐकू येऊ लागले. आधी भगत झाला, अंगारे-धुपारे झाले. मग जाणत्यांची बैठक बसली. "लगीन करून द्या. बाई आली की माणूस ठिकाणावर येतो. खिलौना नाही का बघितला?" असे एकजण म्हणाला आणि सगळ्यांनी माना हलवल्या. मीही तेथे होतो, शिकत होतो, आणि गप्प राहिलो. मामाच्या घरी वाढलेली एक पोरकी पोर त्याच्या गळ्यात बांधली. दोन वर्षे मार खाऊन, कडेवर मूल घेऊन ती परत गेली. मुलाला पुढे कुणीतरी सरकारी दवाखान्यात नेले. गोळ्या सुरू झाल्या आणि हळूहळू तो कामाला जाऊ लागला.

हे औषध काही नवे नव्हते. १९५२ सालीच पॅरिसच्या डॉक्टरांनी क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांवर वापरून दाखवले होते. 'खिलौना' त्यानंतर अठरा वर्षांनी आला. पण गोळी रोज घ्यावी लागते, महिनोन्महिने घ्यावी लागते, यात नाट्य नाही. म्हणून ती आमच्या वस्तीच्या कानावरच आली नाही. 'ठाण्याला पाठवा', 'येरवड्याला पाठवा' एवढेच आम्हाला ठाऊक होते, तेही थट्टेने.

१९९९ साली तमिळमध्ये 'सेतु' आला आणि २००३ साली त्यावरून हिंदीत 'तेरे नाम'. डोक्याला मार बसून भान हरपलेला नायक धर्मस्थानाच्या आश्रयाला ठेवला जातो. तेथे तो बरा होतो, पण प्रेयसी मेलेली पाहून आपणहून तिथे परततो. साखळीतला माणूस प्रेमाचा हुतात्मा ठरतो. या दोन चित्रपटांच्या मधल्या काळात, ६ ऑगस्ट २००१ रोजी, तमिळनाडूतल्या एरवाडीला दर्ग्याजवळच्या एका खाजगी आश्रमाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेले २८ रुग्ण जळून मेले. ते हुतात्मे नव्हते, ते आजारी होते. सिनेमामुळे एरवाडी घडले असे मी म्हणत नाही. पण साखळी पाहून ज्याला चीड येत नाही असा प्रेक्षक घडवण्यात सिनेमाचा वाटा आहेच.

कायदाही फार उशिरा बदलला. १९१२ चा इंग्रजांचा वेड्यांविषयीचा कायदा १९९३ पर्यंत चालू होता. २०१७ च्या कायद्याने साखळीने बांधण्यास आणि भूल न देता विजेचे झटके देण्यास बंदी घातली. उपचार हा रुग्णाचा हक्क ठरला. हक्क शब्द आला की तो आपला विषय होतो.

२००४ साली सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी 'देवराई' केला. त्यात आजाराला स्किझोफ्रेनिया हे नाव आहे, औषध आहे, थकलेली बहीण आहे. चमत्कार नाही. हा चित्रपट मला मोलाचा वाटतो. तरी त्या रुग्णाच्या पाठीशी कोकणातली आमराई आहे. ज्याच्या पाठीशी फक्त रोजंदारी आहे, त्याची कथा कोण लिहिणार?

आपण लिहिणार असे म्हणणे सोपे आहे. माझ्याही एका जुन्या कथेत एक वेडी आहे. गावाच्या वेशीवर केस मोकळे सोडून ती शिव्या देते. मी तिला साऱ्या अत्याचाराचे प्रतीक केले आणि मित्रांनी पाठ थोपटली. आज ती कथा वाचताना लक्षात येते की तिला मी एक नावसुद्धा दिले नव्हते. तिला झोप लागते का, तिला कुणी दवाखान्यात नेले का, हे मी विचारलेच नाही. ठाकुराच्या सिनेमाने चांदला वापरले, तसे मी तिला वापरले.

कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी वस्तीत पुन्हा अशी बैठक बसली तर गप्प राहू नये, आणि लेखकांनी आपल्या कथांतले वेडे एकदा तपासून पाहावेत. माझी ती कथा मी पुन्हा लिहायला घेतली आहे.