उन्हाळ्यात टायरमध्ये हवा कमी भरावी का? वायूचे नियम काय सांगतात?

उन्हाळा लागला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक सल्ला फिरू लागतो : 'उन्हाने हवा प्रसरण पावून टायर फुटतो, म्हणून चार-पाच पीएसआय हवा कमीच भरा.' हवा तापते हे खरे, पण हा सल्ला धोक्याचा आहे.

नियम काय आहे?

वायूचा दाब, आकारमान आणि तापमान एकमेकांवर अवलंबून असतात.

- बॉईलचा नियम (१६६२) : तापमान तेच ठेवून वायूचे आकारमान निम्मे केले, तर दाब दुप्पट होतो.
- चार्ल्सचा नियम : दाब तोच ठेवून वायू तापवला, तर त्याचे आकारमान वाढते.
- गे-ल्युसॅकचा नियम : आकारमान तेच ठेवून वायू तापवला, तर दाब वाढतो.

टायर फुग्यासारखा फुगत नाही. त्याचे आकारमान जवळपास तेच राहते, म्हणून इथे तिसरा नियम लागू होतो.

दाब किती वाढतो?

समजा, सकाळी २७ अंश सेल्सिअसला ३३ पीएसआय हवा भरली. दुपारी गाडी पळवल्यावर आतली हवा ६० अंशांवर गेली. तापमान दुपटीहून जास्त झाले, मग दाबही दुप्पट होईल का? नाही. हे नियम केल्विनमध्ये मोजलेल्या तापमानाला लागू होतात. २७ अंश म्हणजे ३०० केल्विन आणि ६० अंश म्हणजे ३३३ केल्विन. वाढ फक्त ११ टक्के.

शिवाय मीटर वातावरणाचा दाब (सुमारे १५ पीएसआय) सोडून उरलेला दाब दाखवतो. म्हणजे आतला खरा दाब ३३ + १५ = ४८. तो ११ टक्क्यांनी वाढून सुमारे ५३ होतो आणि मीटरवर ३८ दिसतात. एवढी वाढ गृहीत धरूनच टायर बनवलेले असतात.

मग टायर फुटतो कशाने?

बऱ्याचदा कमी हवेमुळे! हवा कमी असली की टायरच्या बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते. त्यातून उष्णता निर्माण होते, रबर आणि आतले थर सुटू लागतात. समृद्धीसारख्या महामार्गावर तासन्‌तास वेगात जाताना हे जिवावर बेतू शकते. जुना, भेगा पडलेला टायर किंवा जादा वजन असेल तर धोका आणखी वाढतो.

नायट्रोजन भरला तर?

साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि तापल्यावर त्याचा दाब जवळपास तितकाच वाढतो. कोरड्या नायट्रोजनमध्ये बाष्प नसते आणि तो थोडा हळू गळतो, एवढाच फायदा.

काय करावे?

- ड्रायव्हरच्या दरवाजाजवळच्या स्टिकरवर दिलेला दाब थंड टायरसाठी असतो. सकाळी, गाडी काढण्यापूर्वी तेवढाच भरा.
- तापलेल्या टायरमधून हवा सोडू नका. वरच्या उदाहरणात ३८ चे ३३ केले, तर टायर थंड झाल्यावर २८ च उरतील.
- लांबच्या प्रवासापूर्वी स्टेपनीचीही हवा तपासा.